सर्व्हर सोलापुरात, प्रेक्षक हिंजवडीत

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या गावाकडच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या सोलापुरी चादरींच्या मागे काळ्या व्हिडिओ कॅसेटचा एक खोका आहे की नाही? असणारच. त्यावर सोनेरी स्टिकर, ‘शुभविवाह, भाग १’, आणि खाली व्हिडिओ शूटिंगवाल्याचा सहा आकडी लॅण्डलाइन नंबर. आत नवरा-नवरी बदामाच्या आकारात गोल गोल फिरतायत आणि हॅलोजनच्या झोतात सगळे पाहुणे डोळे बारीक करून जिलेबी खातायत. हा ऐवज आपण सगळ्यांनी जपून ठेवलाय, फक्त तो लावायला घरात यंत्रच उरलेलं नाही.

आणि ते आता नवीन मिळणारही नाही. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे सध्या जे व्हीसीआर चालू आहेत, ते आहेत तेवढेच. त्यातले रबरी पट्टे सैल पडतायत, हेड झिजतायत, आणि इकडे कॅसेटमधली चुंबकीय टेप वर्षागणिक फिकी होतेय. म्हणजे ही शर्यत दोन्ही बाजूंनी हरण्याची आहे, बॉस. ज्याला काही वाचवायचंय, त्यानं आत्ताच वाचवावं.

आमच्या खोक्यात तेवीस कॅसेट निघाल्या. अक्कलकोटच्या मामांकडे एक चालू व्हीसीआर होता, तो मी उचलून आणला. लॅपटॉपला लावायचं यूएसबी कॅप्चर कार्ड ऑनलाइन मागवलं. यात काही रॉकेट सायन्स नाही, फक्त पेशन्स लागतो, कारण तीन तासांची कॅसेट कॉपी व्हायला बरोबर तीन तासच लागतात. इथे फास्ट फॉरवर्ड नाही! मी एका बाजूला लेख टाइप करत बसायची आणि दुसऱ्या बाजूला १९९४ सालची वरात चालू असायची. (वरातीतला बॅण्ड ऐकत कॉर्पोरेट ब्रोशरची कॉपी लिहून बघा कधी. तुमचं इन्क्रिमेंट पक्कं.)

नवव्या कॅसेटमध्ये आजोबा सापडले.

लग्न नव्हतं, मुंज नव्हती. १९९८ ची दिवाळी होती. कुणीतरी भाड्याचा कॅमेरा दादाच्या समोर धरलाय, दादा सात वर्षांचा, आजोबांच्या मांडीवर. आणि आजोबा त्याला लक्ष्मी-विष्णू मिलच्या गोष्टी सांगतायत. पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघायचं, खात्यात आवाज इतका की माणसं ओठांवरून बोलणं कसं ओळखायची, केसात कापूस कसा बसायचा. मग दादा म्हणतो, “भोंगा करून दाखवा की!” आणि आजोबा दोन्ही हात तोंडाशी धरून मिलचा भोंगा वाजवतात. चाळीस मिनिटांचं फुटेज आहे. आजोबा २००४ मध्ये गेले. त्यांचा आवाज आमच्या घरात दुसरीकडे कुठेही नाही.

मी दादाला फोन केला. तो हिंजवडीत, आयटीत. त्याची पोरगी पाच वर्षांची. दादा दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, “पाठव की व्हॉट्सअ‍ॅपवर.”

तर इथून आजच्या कॉलमचा मुद्दा सुरू होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा व्हिडिओ टाकला की तो पिळून, चोथा होऊन पोचतो. आधीच कॅसेटचं चित्र भुरकट, त्यात आणखी पाणी कशाला? फुकटच्या गुगल ड्राइव्हची मर्यादा पंधरा जीबी. आमच्या तेवीस कॅसेट झाल्या सव्वाशे जीबीच्या आसपास. पेन ड्राइव्हवर टाकून पाठवता येतं, पण तो पेन ड्राइव्ह नंतर कुठल्या ड्रॉवरमध्ये जातो हे तुम्हाला आणि मला चांगलंच माहीत आहे. मला हवं होतं असं काहीतरी, की मी सोलापुरात कॅसेट कॉपी केली आणि दादानं पुण्यात टीव्ही लावला की ती तिथे हजर. आपलं स्वतःचं, घरगुती, फक्त घरच्यांसाठीचं नेटफ्लिक्स म्हणा ना!

याला म्हणतात होम मीडिया सर्व्हर. नाव भारदस्त आहे, प्रत्यक्षात तो एक जुना कॉम्प्युटर असतो. माझा म्हणजे स्क्रीनला तडा गेलेला आठ वर्षांचा लॅपटॉप आणि त्याला लावलेली दोन टीबीची हार्ड डिस्क. त्यावर एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते फोल्डरमधले व्हिडिओ शोधतं, पोस्टरसकट नीट मांडतं, आणि मागेल त्या टीव्हीला किंवा मोबाइलला पुरवतं. या सॉफ्टवेअरचं खानदान मजेशीर आहे. २००२-०३ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर सिनेमे बघायचा जुगाड केला, त्याचं नाव एक्सबीएमसी. तेच पुढे २०१४ मध्ये कोडी झालं. त्याचीच एक फांदी २००८ मध्ये फुटली, ती प्लेक्स. प्लेक्स दिसायला चकाचक, पण ती कंपनी आहे, आणि कंपनीला कधीतरी बिल फाडावंच लागतं. एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघणं तिथे पैसे देऊन झालं. दुसरीकडे एम्बी नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्यानं आपला सोर्स कोड बंद केला तेव्हा नाराज झालेल्या लोकांनी डिसेंबर २०१८ मध्ये वेगळी चूल मांडली. ती म्हणजे जेलिफिन. पूर्ण मोफत, कोड सगळ्यांसाठी खुला, मागे कंपनी नाही. मी जेलिफिन घेतलं. फ्रीलान्सरनं फुकटचंच घ्यावं, दुसरं काय!

घरात तासाभरात सगळं चालू झालं. टीव्हीवर आई-बाबांचं लग्न लागलं, आईनं स्वतःची शालू नेसलेली कंबर बघून रिमोट हिसकावला, शेजारच्या पद्मशाली काकू आल्या आणि म्हणाल्या, “आमची पण एक कॅसेट हाय की गं, तेलुगू लग्न. तुझ्या त्या डब्यात बसंल का?” बसली. आता आमच्या सर्व्हरवर मराठी, तेलुगू आणि वरच्या मजल्यावरच्या पाटील काकांच्या कृपेनं कानडी असे तीन विभाग आहेत. सोलापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पण दादाला पुण्यात काही म्हणजे काही दिसेना.

कारण समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथेच हात टेकतात. तुमच्या घरातल्या सर्व्हरचा पत्ता असतो १९२.१६८ नं सुरू होणारा. हा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो. जशी चाळीतली ‘खोली नंबर सात’. चाळीत कुणालाही विचारा, सांगेल. पण हिंजवडीहून ‘खोली नंबर सात’ एवढंच लिहून पत्र टाकलं तर पोस्टमन काय करणार? बाहेरच्या जगासाठी अख्ख्या चाळीला एकच पत्ता असतो आणि दारात एक रखवालदार. हा रखवालदार म्हणजे तुमचा राउटर. तुम्ही आतून बाहेर पत्र पाठवलं, तर तो वहीत नोंद करतो, म्हणजे उत्तर आलं की बरोबर तुमच्या खोलीत पोचवतो. पण बाहेरून न मागितलेलं पत्र आलं तर तो ते कुणाला देणार? सरळ फेकून देतो. इंटरनेटवर तुम्ही बिनघोर झोपता ते बऱ्याच अंशी या फेकून देण्यामुळेच.

यावरचा जुना फंडा म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. रखवालदाराला सांगून ठेवायचं, की बाबा रे, पाकिटावर ८०९६ लिहिलेलं असलं की ते सात नंबरच्या खोलीत दे. (८०९६ हा जेलिफिनचा नेहमीचा दरवाजा. प्लेक्सचा ३२४००.) राउटरच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम. मी केलं. तरी दादाकडे गोल गोल फिरणारं चक्र!

लोच्या असा आहे की आपली चाळ आता थेट रस्त्यावर नाही. ती एका भल्यामोठ्या कॉलनीच्या आत आहे आणि त्या कॉलनीला आणखी एक गेट आहे. त्या गेटवरचा रखवालदार आपला नोकर नाही, इंटरनेट कंपनीचा आहे. तो आपलं कशाला ऐकेल? या प्रकाराला सीजीनॅट म्हणतात. कंपन्यांनी हे मुद्दाम खोडी काढायला केलेलं नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, एकूण आहेतच सुमारे ४२९ कोटी. आखणी झाली तेव्हा ते भरपूर वाटले असणार. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातला शेवटचा साठा वाटून संपला, नेमका आपल्याकडे प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन यायच्या आधी. मग शेकडो घरांना मिळून एक पत्ता, हाच व्यवहार सुरू झाला.

तुम्ही सीजीनॅटच्या आत आहात का, हे तपासायला इंजिनीअर लागत नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून आकडा असतो, तो लिहून घ्या. मग गुगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ टाकून येणारा आकडा बघा. (उत्तर लांबलचक आणि त्यात कोलन आले, तर तो नवा आयपीव्ही६ पत्ता. त्याच्याशी तुलना करू नका, आयपीव्ही४ चा आकडा शोधा.) दोन्ही सारखे असले तर तुम्ही नशीबवान. वेगळे असले, आणि त्यातही राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असला, तर तुम्ही कॉलनीच्या आत. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलाय.

माझा १००.७८ निघाला. मी आमच्या इंटरनेटवाल्यांना फोन लावला, तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला. बिचारा घामाघूम. म्हणाला, “मॅडम, पब्लिक आयपी पायजे तर बिझनेस प्लॅन घ्यावं लागतंय. जीएसटी नंबर हाय का?” आजोबांच्या भोंग्यासाठी जीएसटी नंबर!

पण खरं सांगू? मिळाला असता तरी तो दरवाजा मी उघडा ठेवला नसता. कारण या विषयात मी जसजशी खोल वाचत गेले, तसतशी माझी झोप उडाली. शोडान नावाचं एक सर्च इंजिन आहे, २००९ पासून. गुगल वेबसाइट शोधतं, हे इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रं शोधतं. कॅमेरे, राउटर, घरचे सर्व्हर, सगळं. तुम्ही पत्ता कुणालाही सांगू नका, तरी दरवाजा उघडा आहे हे यंत्रांना आपोआप कळतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं क्यूनॅप कंपनीच्या घरगुती स्टोरेज डब्यांवर हल्ला केला. लोक सकाळी उठले तर फोटो-व्हिडिओ सगळं कुलूपबंद आणि स्क्रीनवर चिठ्ठी, ०.०३ बिटकॉइन द्या. कंपनीनं तेव्हा जो सल्ला दिला त्यात पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा, हेच होतं.

त्याच वर्षीचा दुसरा किस्सा तर सिनेमासारखा आहे. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. तिच्या एका वरिष्ठ इंजिनीअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर मीडिया सॉफ्टवेअर होतं. चोर त्यातून आत शिरले, त्याच्या टायपिंगवर नजर ठेवली, कंपनीची किल्ली मिळवली आणि ग्राहकांच्या पासवर्ड तिजोऱ्यांच्या बॅकअप कॉपी घेऊन गेले. ते सॉफ्टवेअर प्लेक्स होतं. प्लेक्सनं नंतर सांगितलं की ते भगदाड आम्ही मे २०२० मध्येच बुजवलं होतं, या गृहस्थांनी अपडेटच केलं नव्हतं. घरी सिनेमा बघायच्या सॉफ्टवेअरमधून ऑफिसची तिजोरी फुटली! तुमच्यापैकी जे वर्क फ्रॉम होमवाले एकाच वायफायवर ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा सर्व्हर चालवतात, त्यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

एक पर्याय आयपीव्ही६ चा. नवे पत्ते, अक्षरशः अमाप, प्रत्येक यंत्राला स्वतःचा. आणि आपला देश ते वापरण्यात जगात पुढे आहे, मुख्यतः मोबाइल कंपन्यांमुळे. पण दोन्ही टोकांना ते असावं लागतं. दादाच्या मोबाइलवर होतं, घरच्या वायफायवर नव्हतं. शिवाय दरवाजा उघडा ठेवण्याची भानगड इथेही आहेच. तो मार्ग मी सोडला.

अखेर ज्यानं काम केलं ते टेलस्केल. हे नीट सांगते, कारण तुम्हाला हेच करायचंय. आपल्या चाळीकडे परत या. रखवालदार आतून गेलेल्या पत्राची नोंद ठेवतो, बरोबर? मग समजा सोलापूरच्या खोलीतून आणि हिंजवडीच्या फ्लॅटमधून दोघांनी एकाच वेळी एकमेकांना पत्र टाकलं तर? दोन्हीकडच्या रखवालदारांना वाटतं की हे आपल्याच माणसाच्या पत्राचं उत्तर, आणि दोघंही आत सोडतात. दोघांना एकमेकांचा पत्ता आणि नेमकी वेळ सांगायला मध्ये एक दलाल लागतो. टेलस्केलचा सर्व्हर ते काम करतो. एकदा गाठ पडली की दलाल बाजूला. व्हिडिओ थेट सोलापूरहून पुण्याला जातो, तोही कुलूपबंद. हे कुलूप म्हणजे वायरगार्ड, जे मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलं. कधी कधी रखवालदार फारच कडक असतात आणि थेट गाठ पडत नाही. मग डेटा मधल्या एखाद्या केंद्रातून वळसा घेऊन जातो. कुलूप तेव्हाही शाबूत, पण वेग उतरतो.

करायचं काय? सर्व्हरवर टेलस्केल टाकायचं, एका अकाउंटनं लॉगइन. मग दादाला निमंत्रण पाठवायचं, त्यानं त्याच्या फोनवर आणि टीव्हीवर तेच अ‍ॅप टाकायचं. सर्व्हरला एक नवा पत्ता मिळतो, १०० नं सुरू होणारा (हो, तोच राखीव पट्टा, इथे उलट आपल्या कामी आलेला). दादानं जेलिफिनच्या अ‍ॅपमध्ये तो पत्ता आणि पुढे ८०९६ टाकलं. बस्स. घरगुती वापराला फुकटचा प्लॅन पुरतो. राउटरमध्ये मी उघडलेला तो दरवाजा लगेच बंद केला. बाहेरच्या जगाला आता आमच्या घरात काहीच दिसत नाही.

दोन-तीन खाचखळगे आहेत ते मात्र ऐका. टेलस्केलमधली प्रत्येक यंत्राची किल्ली ठरल्याप्रमाणे १८० दिवसांनी बाद होते. म्हणजे सहा महिन्यांनी, आणि हमखास तुम्ही गावाला असताना, सर्व्हर गप्प. त्यामुळे निदान सर्व्हरपुरती ही मुदत सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. दुसरं, अ‍ॅण्ड्रॉइड टीव्ही आणि अ‍ॅपल टीव्हीवर हे अ‍ॅप मिळतं, पण सॅमसंग आणि एलजीच्या स्वतःच्या सिस्टिमवर नाही. तिथे वेगळी अ‍ॅण्ड्रॉइड टीव्हीची डबी लावावी लागते. दादाकडे लावली. आणि तिसरं, जेलिफिनमध्ये प्रत्येकाला वेगळा युजर आणि धड पासवर्ड. ॲडमिन फक्त तुम्ही. ‘१२३४’ ठेवणाऱ्यांनी वरचे दोन किस्से पुन्हा आठवावेत.

आता स्पीड. आपण सगळे डाउनलोड स्पीडच्या जाहिराती बघून प्लॅन घेतो. सर्व्हर चालवताना मात्र तुम्ही स्वतः चॅनेल असता, त्यामुळे बघायचा तो अपलोड. जुनी कॅसेट दोन-तीन एमबीपीएसमध्ये आरामात जाते. फुल एचडी सिनेमाला आठ-दहा धरा. अपलोड कमी असला की सर्व्हर चित्र जागच्या जागी लहान करून पाठवतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि त्या वेळी जुना लॅपटॉप हेलिकॉप्टरसारखा आवाज करतो. यावर उपाय दोन. एक, इंटेलचा प्रोसेसर असेल तर जेलिफिनमध्ये क्विक सिंक चालू करणे, मग ते काम चिपमधला वेगळा भाग करतो. दोन, फाइल मुळातच एच.२६४ आणि एएसी या सगळ्यांना समजणाऱ्या रूपात बनवणे, म्हणजे बदलायची गरजच पडत नाही. मी कॅसेट सगळ्या तशाच बनवल्यात.

आणि मग आपलं सोलापूर! एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपचा फायदा असा की बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. राउटरला मात्र छोटा यूपीएस लावावा लागतो, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि रस्ता बंद. डेस्कटॉप वापरत असाल तर बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावा. कायम चार्जिंगवर आणि उकाड्यात ठेवलेली बॅटरी फुगू शकते, म्हणून मी चार्जिंगची मर्यादा साठ टक्क्यांवर ठेवलीय आणि लॅपटॉप देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात, जिथे घरातला सगळ्यात गार कोपरा आहे. आईचं म्हणणं, “रातभर काय चालूच ठेवतीस गं त्याला? लाइट बिल कोण भरणार?” मी हिशोब मांडला. वीस वॅट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. आई म्हणाली, “साडेचौदा म्हणजे थोडं आहे का?” या मुद्द्यावर घरात अजून एकमत नाही.

हे सगळं कळल्यावर पुण्यातल्या एका चुलत भावानं फर्माइश केली, की सर्व्हर आहेच तर नवे पिक्चर टाक डाउनलोड करून, माझ्या रूमवरचे सहा जण बघतील. मी स्पष्ट नाही म्हटलं. सोवळेपणा नाही, साधा व्यवहार आहे. आपली कॅसेट आपल्या घरच्यांना दाखवणं वेगळं, पायरसीचं दुकान टाकणं वेगळं, आणि ते दुकान माझ्या नावच्या कनेक्शनवर चालणार. कायदेशीर जुना माल हवाच असेल तर आपल्याकडे चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी संपतो. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरवर निघालेला सिनेमा. तो बघा म्हटलं सहा जणांनी. त्याचा फोन नंतर आला नाही.

पहिल्या शनिवारी रात्री दादाच्या घरी आजोबा लागले. मी सोलापुरातून सर्व्हरच्या पानावर बघत होते, तिथे कोण काय बघतंय ते दिसतं. भोंग्याच्या जागी पट्टी मागे गेली. पुन्हा मागे गेली. अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन, “अहो वन्सं, तुमची भाची सकाळपासून बाल्कनीत उभी राहून भोंगा करतेय. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा झाली.” भाचीला आजोबा काय काम करायचे ते माहीत झालं, आणि तिनं बापाला विचारलं की तुझ्या ऑफिसला भोंगा का नाही.

या जोडणीचा एक उपयोग मला आधी सुचलाच नव्हता. संगणकवाले लोक सांगतात की महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आमचे आजोबा एकाच हार्ड डिस्कवर, तेही देवघराशेजारी. आग, चोरी, एखादा विजेचा झटका, आणि खेळ खलास. मग दिवाळीला दादा आला तेव्हा सगळा माल दुसऱ्या डिस्कवर घेऊन त्याच्या बॅगेत टाकला, शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या पुड्यांमध्ये. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं डिस्क पुण्याला गेली. आता मी इथे नवी कॅसेट उतरवली की रात्री टेलस्केलच्याच रस्त्यानं सिंकथिंग नावाचं मोफत सॉफ्टवेअर तिची प्रत दादाच्या डिस्कवर पोचवतं. अडीचशे किलोमीटरवर दुसरं घर. तिसरी प्रत ब्ल्यू-रेवर काढून बाबांच्या बँक लॉकरमध्ये आहे, मंगळसूत्राशेजारी.

तेवीसपैकी एकोणीस कॅसेट झाल्यात. उरलेल्या चारांतल्या तिघींना काही त्रास नाही. चौथीवर खिडकीतून बघितलं की पांढरी बुरशी दिसते, आणि ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होऊन मामांचं यंत्रही जाईल. तिच्या स्टिकरवर बाबांच्या अक्षरात फक्त ‘गड्डा, १९९३’ एवढंच लिहिलंय. टेप आधी उलगडून हातानं साफ करणारा कुणी माणूस शोधतेय. तुमच्या माहितीत असेल तर कळवा.